आत्याच्या जाड भाकऱ्या

आई गेली आणि घरात चूल पेटली नाही. आमच्या आष्ट्यात अशा वेळी भाऊबंद, पाहुणे कडू घास आणतात: पिठलं, भाकरी, फार तर एखादी चटणी. दुसऱ्या दिवशी सांगलीची आत्या एसटीने आली, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या घेऊन.

आत्याला कुष्ठरोग झाला होता. वर्षभर गोळ्या घेऊन ती बरी झाली, त्यालाही बराच काळ लोटला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. औषध घेतलं की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे मी आईला कितीदा वाचून दाखवलं होतं. आई म्हणायची, "कळतंय गं मला. पर घास उतरत न्हाई." आत्या भाकऱ्या आणायची, आई त्या हसून घ्यायची आणि ती गेल्यावर म्हशीपुढे टाकायची. पुढच्या खेपेला सांगायची, "वन्सं, लय ग्वाड झाल्या हुत्या." वाचून दाखवणाऱ्या मीही त्यातला तुकडा कधी मोडला नाही.

त्या दुपारी सगळे जेवायला बसले, तरी आत्याचं फडकं कुणी सोडेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आवं आक्का, ऱ्हाऊ द्या की. आमच्या घरनं ढीगभर आल्यात."

आत्याने फडकं स्वतःकडे ओढलं आणि गाठ पुन्हा घट्ट करू लागली. बोटांना ती जमेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि गाठ सोडली.

"जाड झाल्यात," ती हळूच म्हणाली. "तळव्यानं थापती ना. म्हशीला तशाच आवडत्यात."

माझा हात थांबला. "आत्या, तुला ठाऊक होतं?"

"तर! मी दारात आली की म्हस दाव्याला हिसकं द्यायची." तिने पदर डोळ्यांना लावला. "पर तुझी आई दर खेपंला म्हणायची गं, ग्वाड झाल्या. तेवढ्यासाठी आणायची मी."

मी भाकरी मोडली, पिठल्याला लावून खाल्ली. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कशी झालीया?"

आईचं उत्तर ओठांवर आलं होतं. ते मी दिलं नाही.

"मीठ जास्त पडलंय, आत्या."

"व्हय? मग उद्या कमी घालती," ती म्हणाली, आणि दुसरी भाकरी माझ्या ताटात ठेवली.