रेणुकाचे उपास

आमची शिवकन्या मानसशास्त्रात एम.ए. करून राहिली. म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या डोक्यात शिरायचं अन् घरच्या माणसाकडं बघायचंच न्हाई! औंढ्याजवळच्या आपल्या गावातच ती पोरींचे फॉर्म भरून घ्यायला आली. पोरी स्वतःच्या अंगाला नावं ठेवून जेवण काहून सोडतात, हा तिचा विषय.

"तुम्ही मुद्दाम जेवण टाळता का?" फॉर्मातल्या ह्या प्रश्नापुढं सगळ्या पोरींनी "नाही" लिहिलं. तिच्या धाकट्या बहिणीनं, रेणुकानंबी.

रेणुका फॉर्म द्यायला आली, तशी तिच्या हातातली बांगडी घसरून पार कोपराला गेली.

"खरं सांग, जेवतीस ना ग?"

"टाळत कुठं हाव ताई? उपास असतोय. सोमवार नागनाथाचा, मंगळवार देवीचा, मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार..."

"लई देवभोळं लेकरू हाय माझं," आई कौतुकानं म्हणली.

शिवकन्येनं पेन खाली ठेवला. "कधीपासून?"

"तुझ्या साखरपुड्यापासून. फोटो काढताना तू म्हणली व्हतीस ना, भोपळ्या, जरा सरक, मलाबी दिसू दे. सगळे हसले. मीबी हसले."

शिवकन्येला तर ते आठवतबी नव्हतं. तिनं उठून ताट वाढलं, भाकरीचा घास वरणात बुडवला अन् बहिणीच्या तोंडापाशी नेला.

रेणुकानं हळूच तोंड फिरवलं. "ताई, आज शनिवार हाय."

वरण शिवकन्येच्या मनगटावरून ओघळत राहिलं. हात काही तिला खाली घेववंना.