वावड्यावर वावडिंग

आमच्या मजल्यावरचे काका कोणताही दावा करताना पुरावा म्हणून एका माणसाला उभे करत. हा माणूस कधी खोपोलीत राही, कधी पेणला, कधी कर्जतला. त्याला नाव नसे, वय नसे. फक्त एक रोग असे आणि तो काकांच्या उपायाने हमखास गेलेला असे. "एक माणूस होता," काका सुरुवात करत, "डॉक्टरांनी हात टेकले होते." दुसऱ्यांच्या बातम्यांतून असली माणसं काढून टाकणं हेच माझं वृत्तपत्रातलं काम असल्यामुळे मी एकदा विचारलं, "नाव काय त्याचं?" काका दुखावले. "नावाला काय करायचंय, पत्रकार? बरा झाला ना!"

सोसायटीतली मुलं त्यांना वावडिंगकाका म्हणत. वावडिंग म्हणजे मिऱ्यासारखे दिसणारे दाणे. तान्ह्या मुलाचं पोट बिघडू नये म्हणून आपल्याकडे ते दुधात उकळून देतात. तान्हेपण संपलं की घरातून त्यांची पुडी नाहीशी होते. काकांच्या सदऱ्याच्या खिशात ती कायम असे. जिन्यात कोणी शिंकलं तरी ते दोन दाणे काढून तळहातावर ठेवत. शिंकणारा नको म्हणाला, तर "तुमची मर्जी," असं अशा सुरात म्हणत, की त्या माणसाला आपण शेवटचं गंगाजल नाकारतो आहोत असं वाटावं.

"केमिकल" ही त्यांची शिवी होती. साबण केमिकल, टूथपेस्ट केमिकल, डॉक्टर केमिकलचे दलाल. संध्याकाळी वारा फिरला आणि तळोज्याच्या कारखान्यांकडून तो ओळखीचा वास आमच्या रोडपालीत शिरला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घेई. काका मात्र गॅलरीत उभे राहत. "केमिकलमध्ये हयात गेली आमची. आम्हाला कोणी शिकवू नये." हयात तळोज्याच्या रासायनिक कारखान्यात गेली हे खरं होतं. ती त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी लावण्यात गेली, हे ते सांगत नसत. चौकशी केल्यावर कळलं, की रसायनाच्या विभागात ते दसऱ्याला पूजेचा प्रसाद घेण्यापुरतेच जात.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. ते घरी आले तेव्हा श्रीफळ पिशवीत होतं आणि शालीत कुत्र्याचं पिल्लू. गेटवर जनरल शिफ्ट सुटत असताना ते पायांत आलं, म्हणून त्याचं नाव जनरल. ऐकणाऱ्याला ते लष्करी वाटे आणि काका तो गैरसमज दूर करत नसत. कुत्रं तांबूस, लोंबत्या कानांचं आणि स्वभावाने उत्तम होतं. काकांची नात सानिका तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागली होती. ती आणि जनरल एकत्रच वाढले. ती अभ्यास करी तेव्हा तो तिच्या वहीवर हनुवटी ठेवून बसे, आणि तिच्या गृहपाठावर ओल्या नाकाचा ठसा असणं हे वर्गात सगळ्यांना माहीत झालं होतं.

तिसरीत गेल्यावर सानिकाला खोकला लागला. आधी शिंका, मग डोळे लाल, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की कुत्र्याच्या केसांतला कोंडा आणि त्याची लाळ तिला सोसत नाही. त्यांनी पंप दिला आणि पथ्यं सांगितली: कुत्रा झोपायच्या खोलीत नको, त्याला वेळच्या वेळी आंघोळ, घरात ओल्या फडक्याने पुसणं. एवढं करून खोकला आटोक्यात आला नाही, तर कुत्र्याला दुसरं घर शोधावं लागेल. हे शेवटचं वाक्य सानिकाने ऐकलं. त्या दिवसापासून तिच्यापुढे एकच प्रश्न होता: जनरल राहणार की जाणार.

काकांनी मात्र हा प्रश्न भाषेचा करून टाकला. मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. "अ‍ॅलर्जीला मराठी शब्द सांगा बरं," ते म्हणाले. "नाही ना? का नाही? कारण आपल्याकडे हा रोगच नव्हता. शब्द नाही तर रोग कुठून येणार?"

त्यांची सून मनीषा ओट्याशी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "वावडं म्हणतात की, बाबा. आत्याबाईंना नव्हतं का वांग्याचं वावडं?"

काकांनी चहाचा कप तोंडाला लावला. निरुत्तर झालेला माणूस पाहिल्याचं समाधान घेऊन मी घरी आलो. ते समाधान एक रात्र टिकलं. सकाळी बेल वाजली. दारात काका, डोळे चमकत होते. "वावडं! आणि त्यावर काय? वावडिंग! पूर्वजांनी नावातच औषध ठेवलंय हो, आपणच आंधळे."

या न्यायाने गुळवेलीला गूळ लागायला हवा, असं मी म्हणालो. "तुम्ही पेपरवाले उलटंच बघणार," असं म्हणून ते उपचाराला लागले.

उपचार दोघांवर सुरू झाला. सानिकाला सकाळी वावडिंगाचा काढा मधातून. जनरलला तोच काढा भाकरीवर, शिवाय अंगाला हळद आणि खोबरेल तेल. आठवडाभरात कुत्रं असं पिवळं झालं की खालचा वॉचमन लग्नाची तारीख विचारू लागला. सोफा पिवळा झाला, भिंतीचा खालचा पट्टा पिवळा झाला, सानिकाचा गणवेश पिवळा झाला. मग धुरी आली. दिवेलागणीला काका मातीची शेगडी पेटवत, गोवरीच्या निखाऱ्यावर वावडिंग, ओवा आणि कडुनिंबाचा पाला टाकत, आणि सगळ्या खिडक्या लावून घेत. "धूर मुरला पाहिजे," ते म्हणत. लोणच्याला लावायचा नियम ते सरसकट सगळ्याला लावत.

एकदा दार उघडं राहिलं असताना उरणकडची मासेवाली टोपली घेऊन वर आली. धुरात डोळे मिटून बसलेला पिवळा कुत्रा तिने पाहिला आणि टोपली खाली ठेवली. "काका, यो बाळंत झालाय का? शेगडी लावलीस ती? आमी सुनेला पन एवढा शेक दिला नाय!"

"औषध आहे ते," काका म्हणाले.

"औषध हाय तर मंग त्याच्या डोल्यांना पानी का येतंय?"

"विष बाहेर पडतंय."

"माजं पन भायेर परतंय," मासेवाली डोळे पुसत म्हणाली. "बोंबील घेतास का जाऊ?"

या काळात त्या घरात खरे नैसर्गिक उपाय कोणी करत असेल तर ती मनीषा. शाळेतली नोकरी सांभाळून ती रोज ओल्या फडक्याने फरशी पुसे, चादरी उकळत्या पाण्यात टाके, कुत्र्याचं तेल काढायला त्याला आंघोळ घाले, मुलीच्या खोलीचं दार ओढून घेई. पाणी, फडकं आणि बंद दार यांहून नैसर्गिक काही नसतं. पण काकांना त्यात निसर्ग दिसला नाही, कारण ते करावं लागत असे. त्यांच्या निसर्गात फक्त बसावं लागे. मनीषा फरशी पुसत असताना ते पाय वर घेऊन सांगत, "मुळावर घाव घालायला हवा. हे वरवरचं काय कामाचं?" आणि ती जाताच खोलीचं दार उघडून कुत्र्याला आत सोडत. "सवयीने जातं सगळं. सोबत झोपलं की शरीराची ओळख पटते."

मग एके दिवशी काकांनी जिन्यात सर्वांना सांगितलं, की सानिकाचा खोकला गेला. खरोखरच त्या घरातून खोकला ऐकू येईनासा झाला होता. काकांनी माझ्यासमोर दोन दाणे धरले. "छापा आता."

त्याच सुमारास सानिका आमच्याकडे रोज येऊ लागली. मला ती पेपरकाका म्हणे. "पेपरकाका, आजचा पेपर देता?" पेपर घेऊन गॅलरीत जाई आणि दार लोटून घेई. तिसरीतल्या मुलीला अग्रलेखात इतका रस असणं मला पटेना. मी काचेतून पाहिलं. घडी घातलेला पेपर तोंडावर दाबून ती खोकत होती, खांदे उडेपर्यंत.

"घरी का खोकत नाहीस गं?"

"घरी खोकले तर जनरलला देऊन टाकतील."

मी लगेच जाऊन मनीषाला सांगितलं. तिने हातातलं फडकं बादलीत टाकलं. मग काकांसमोर गेली. "बाबा, ती शेजारी जाऊन खोकते."

"म्हणजे घरात खोकत नाही ना?" काका म्हणाले. "तेच तर म्हणतोय मी."

मनीषाने धुरी बंद करायला सांगितली. काका हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्याचं पाहून त्यांनी शेगडी काढली. अर्धवट सोडलेला उपचार उलटतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून समारोपाची धुरी नेहमीपेक्षा मोठी होती. सानिका आणि जनरल यांना त्यांनी शेजारीशेजारी बसवलं.

आमची बेल कोणीतरी दाबून धरली. दारात सानिका होती. तिला बोलता येत नव्हतं; प्रत्येक श्वासाला गळ्याखालची कातडी आत ओढली जात होती. तिच्या मागे जनरल भुंकत होता आणि त्याच्या मागे, धुरात, काका हातात पळी घेऊन उभे होते. आम्ही रिक्षाने कळंबोलीच्या दवाखान्यात गेलो. वाटेत काका एकच सांगत राहिले: "जुनं बाहेर पडताना असं होतं." रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि वेग वाढवला.

मनीषा बाजारातून थेट तिथे पोचली. सानिकाच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात काही जाळता का?"

"छे, जाळत काही नाही," काका म्हणाले. "धुरी देतो."

"म्हणजे धूरच ना?"

"धूर वेगळा, धुरी वेगळी. धुरी औषधी असते."

"काका," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "फुप्फुसाला मराठी कळत नाही."

काका सावरून बसले. "तसं नाही, खोपोलीला एक माणूस होता..."

"बाबा, बाहेर बसा," मनीषा म्हणाली. सासऱ्यांशी ती या आवाजात पहिल्यांदाच बोलत होती. काका बाहेर गेले. सानिकाने मास्क थोडा उचलला. "जनरलला नका देऊ. धुरीने झालं मला." डॉक्टरीणबाईंनी मास्क परत नीट बसवला. आधी धूर थांबवा, पथ्यं नीट पाळा, पंप चुकवू नका, मग कुत्र्याचं बघू, असं त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर मनीषाने शेगडी उचलून चपलांच्या रॅकशेजारी ठेवली. काका म्हणाले, "शेगडी बाहेर, तर मीही बाहेर." आणि थांबले. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी लावलेल्या या माणसाला आपल्या गैरहजेरीने घर अडेल असा विश्वास होता. त्यांचा मोठा मुलगा, मनीषाचा नवरा, शिफ्टवरून येऊन जेवत होता. तो म्हणाला, "धाकट्याकडे जाणार ना? रविवारी सोडतो."

धाकटा मुलगा उरणजवळच्या द्रोणागिरीत राहतो, तिथल्या एका गोदामात नोकरीला आहे. काका तिथे स्थिरावले आहेत. रोडपालीत फरशी पूर्वीसारखीच पुसली जाते, आणि खोलीचं दार आता बंदच राहतं. जनरलचा मूळचा तांबूस रंग परत आला. सानिकाला पंप लागतो, पण छातीत शिट्टी क्वचित वाजते, आणि वाजली तर ती घरातच खोकते. परवा मासेवाली सांगत होती, "तुमचा काका तिकडं आमालाच सांगतंय, रोडपालीला एक पोरगी व्हती, डॉक्टरनी हात टेकलेले, वावडिंगानं बरी झाली." मुलीचं नाव विचारलं का, असं मी तिला विचारलं. "इचारलं. बोलतंय, नावाचा काय करतीस?" खोपोलीचा तो माणूस कसा जन्माला आला असेल, याचा मला प्रथमच नेमका अंदाज आला.

ते गेले त्या रविवारची नोंद करायची राहिली. आदल्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, की कुत्रं त्यांचं आहे आणि ते सोबत नेणार. सानिका सकाळपासून जेवली नव्हती. ती उंबऱ्यात बसली होती, जनरल तिच्या मांडीवर. काका बाहेर आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सत्काराच्या शालीत गुंडाळलेली शेगडी. जनरल उठला, शेपटी हलवत लिफ्टपर्यंत गेला आणि रोज फिरायला निघताना बसे तसा काकांच्या पायाशी बसला. काकांनी पट्टा हातात घेतला. सानिकाने श्वास धरून ठेवला होता, हे लांबूनही दिसत होतं.

काकांनी पट्टा परत आणून तिच्या हातात दिला. "याला नाही चालायचं तिथे," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "द्रोणागिरीची हवा खारी. कुत्र्यांना खाऱ्या हवेचं वावडं असतं. उरणला एक कुत्रा होता..."

उरणच्या बंदरावर मासळीच्या टोपल्यांभोवती कुत्र्यांच्या झुंडी असतात. काकांनी त्या पाहिलेल्या होत्या, मीही पाहिलेल्या आहेत. लिफ्ट आली. काका वाक्य अर्धं टाकून माझ्या प्रश्नाची वाट पाहत दारात उभे राहिले.

त्या कुत्र्याचं नाव मी विचारलं नाही.