कॉफीच्या बातमीतल्या शेवटच्या दोन ओळी

मंगळवार, सकाळचे साडेदहा. ताम्हिणीच्या वाटेवरचं एक गाव, दत्तूभाऊंचं अंगण.

माझ्या हातून तिथे काय घडलं ते सांगतो. हसा खुशाल, पण आधी मला चिडून घेऊ द्या!

तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस मी. दोनच दिवस आधी, रविवारी, आमच्या पेपरच्या पुरवणीत लिहिलं होतं, की रोज कॉफी पिणाऱ्यांचा मेंदू म्हातारपणी तल्लख राहतो. लगेच माझे जुने वाचक दत्तूभाऊ यांचा फोन. "सायेब, घरी या. तुमची बातमी लई कामाची हाय."

सत्कारच असणार! मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो की हो.

दारावर माझी बातमी चिकटवलेली. बाजेवर त्यांची आई, गंगूआजी. दोन वर्षांपासून त्या माणसं विसरायला लागल्यात. पुढ्यात पेलाभर काळी कॉफी.

"दिसाला सहा येळा देतोय," दत्तूभाऊ म्हणाले. "येत्या रविवारी माजी ताई येनार हाय. मागच्या येळंला आईनं तिला वळखलंच न्हाई. लई रडली ती."

"मला चा पायजे!" आजी कडाडल्या. "ह्यो जळका काढा तुज्या सासूला पाज!" मग माझ्याकडे बोट. "ह्यो कोन?"

"आये, ह्येंनीच लिवलंय त्ये."

"मग त्यालाच पाज की!"

मी हादरलो. अहो, संशोधक सांगतात ते एवढंच, की कॉफी पिणं आणि मेंदूची तब्येत यांत काही नातं दिसतं. कॉफीमुळेच तसं होतं हे सिद्ध नाही, आणि विसरण्याच्या आजारावर ते औषध तर नाहीच नाही! मी लिहिलं होतं हे, शेवटच्या दोन ओळींत. मग त्या गेल्या कुठे?

तिथूनच ऑफिसला फोन लावला, तोही स्पीकरवर. चूक कुणाची ते दत्तूभाऊंनाही कळू दे!

"माझ्या ओळी कुठल्या गाढवानं उडवल्या?"

पान लावणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीच काढायला सांगितल्यात. तुमचा फोटो बसत नव्हता."

आजी उठल्या, दारावरचा फोटो निरखला. "बरा आलाय," म्हणाल्या.

दत्तूभाऊ मात्र मटकन खाली बसले. "म्हंजी ताईला न्हाई वळखायची?"

कॉफी थांबवा, डॉक्टरांना दाखवा, खुलासा छापतो, एवढंच बोललो.

खुलासा त्याच दुपारी लिहून दिला. रविवारी ताई येऊन गेल्या, आईनं ओळखलं नाही. आज तीन आठवडे झाले, खुलासा छापलेला नाही. का, ते ऑफिसात कुणी सांगत नाही. परवा त्याच जागेवर माझा नवा लेख आला. फोटोसकट.