डाव्या हाताचं सूत

मी डावखुरी आहे हे सासरी कुणालाच माहीत नाही, अशी तेहतीस वर्षं माझी समजूत होती. लिहिणं, जेवणं, हळदीकुंकू लावणं, सगळं मी उजव्या हातानं करते. माहेरी आईनं डाव्या हातावर उलथनं मारून मारून ही वळणं लावली. शेतात मात्र मला सूट होती. वडिलांनी लोहाराकडून माझ्यासाठी उलट्या दात्यांचा विळा करून घेतला होता, कारण तो हातात असला की माझी कापणीची पात सगळ्यांच्या आधी उरकायची. लग्नात आईनं तो विळा काही बरोबर दिला नाही. "तिथं गेल्यावर गपगुमान उजवा हात चालव," एवढंच बजावलं.

मी मांडवगण फराट्यात नांदायला आले. पहिल्याच पंगतीत वाढताना भाजीची पळी डाव्या हातात गेली. सासूबाई शेजारून आल्या, पळी काढून माझ्या उजव्या हातात दिली आणि एक अक्षर न बोलता पुढं गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी नवरी गोंधळली असेल, असं त्यांना वाटलं असावं म्हणून मी सुटले. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मी डावा हात पदरात ठेवूनच वावरले.

आता मुलं पुण्याला असतात. झेंडूची तोडणी सकाळी आटोपते आणि दुपार अंगावर येते. रिकामी बसले की मी भांडणं उकरून काढते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीत घोंगडी विणायचा वर्ग निघाला तेव्हा माझं नाव त्यानंच घातलं.

शिकवायला दौंडहून एक मावशी यायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारच्या एसटीनं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणल्या जात. माग एका संस्थेनं दिलेला, पण उसना. पहिली घोंगडी नीट विणून दाखवली तर तो गावात राहणार, नाहीतर दुसऱ्या गावाला जाणार, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं.

आधी सूत कातायचं. टकळीला बोटांनी झटका द्यायचा, ती गरागरा फिरली की लोकरीला पीळ बसतो. उजव्या हातानं माझं सूत कुठं गांडुळाएवढं जाड, कुठं केसाएवढं बारीक व्हायचं आणि सारखं तुटायचं. एका दुपारी घरी, गोठ्यामागं, इकडंतिकडं बघून मी टकळी डाव्या हातात घेतली. आणि काय सांगू! सूत असं सरळ निघत गेलं की मी उभ्या उभ्या हसले. तेव्हापासून मी वर्गात नुसती लोकर पिंजायची आणि सूत घरून कातून न्यायची. मावशी माझा सुताचा गुंडा सगळ्यांना दाखवून म्हणायच्या, "ह्याला म्हणत्यात सूत!" मी फुगत होते. पन्नाशी उलटल्यावर कुणी हाताचं कौतुक केलं तर कोण फुगणार नाही?

सगळ्या बायकांचे गुंडे एकाच टोपलीत पडायचे. पुरेसे झाल्यावर एका मंगळवारी ग्रामपंचायतीच्या आवारात मेखा ठोकून ताणा लावला, म्हणजे घोंगडीचे उभे धागे. एक गुंडा संपला की दुसऱ्याचं टोक त्याच्यावर ठेवायचं, थुंकी लावून तळहातावर वळायचं, सांधा तयार. मग चिंचोक्याची खळ लावली आणि धागे ताणले. ताणले तसे सांधे सुटायला लागले. एक सुटला, चार सुटले, नंतर मोजणंच सोडलं.

"कुणाचं तरी सूत कच्चं हाय," मावशी म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून एकीकडंच बघितलं. कारेगावहून नुकती लग्न होऊन आलेली एक पोरगी आमच्यात होती. लग्नाआधी ती कंपनीत पॅकिंगला होती. वर्गात ती सगळ्यांत नवी, म्हणून चूक तिची.

"मी नीट पीळ देत व्हते, मावशी," ती म्हणाली. "कंपनीत माझा एक बॉक्स कवा रिजेक्ट झाला न्हाई."

"ही कंपनी न्हाई, बाई," तिची सासू म्हणाली. तीही वर्गात होती. "उद्यापासनं घरी बस. लोकांच्या कामाचा इस्कोट नको."

माझ्या पायाशी एक सुटलेला सांधा पडला होता. मी तो उचलला. एका टोकाचा पीळ घट्ट होता, दुसऱ्याचा पार उलगडून फुसका झालेला. मी बोटात धरून वळून बघितलं. एक उजवीकडं वळलं की घट्ट व्हायचं, दुसरं डावीकडं. ते डावं सूत कुणाचं हे मला विचारायची गरज नव्हती.

आणि मी गप्प बसले. एरवी गल्लीत माझा आवाज घुमतो, पण त्या दिवशी तोंडाला कुलूप. खरं सांगितलं तर डाव्या हाताचं बिंग फुटणार, सासूबाईंच्या कानावर जाणार, आणि माग गेला तर तो माझ्यामुळं गेला असं गाव म्हणणार. ती पोरगी डोळे पुसत आवारातून बाहेर पडली. मी लोकर पिंजत राहिले.

पुढचे तीन दिवस मी स्वतःवरच चिडलेली होते आणि बोलणी नवऱ्यानं खाल्ली. शुक्रवारी वर्गात तिची जागा रिकामी होती. आठवड्यातून दोन दुपारी तेवढी ती घराबाहेर पडायची, आणि त्या दोन दुपारी मी तिच्या हिसकावून घेतल्या होत्या. मावशी मागाजवळ बसून म्हणाल्या, "संस्थेला फोन करावा लागंल. हा ताणा काय चालत न्हाई. माग घेऊन जावा म्हणायचं."

मी उठले. टोपलीतून टकळी घेतली, सगळ्यांसमोर डाव्या हातात धरली आणि झटका दिला. सूत निघालं.

"कच्चं सूत तिचं न्हाई," मी म्हणाले. "उलटं सूत माझं हाय."

मावशींनी माझं सूत चिमटीत धरलं, वळून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग खदाखदा हसायला लागल्या. "अगं बया! आधी सांगायला काय झालं व्हतं? माझा चुलता डावराच व्हता. त्याचं सूत येगळ्या टोपलीत ठेवायचो आमी. डाव्याला डावं जोडायचं, उजव्याला उजवं. मग कशाला सुटतंय?"

एवढंच! वेगळी टोपली! मला रडूच फुटलं. ते दुःखाचं नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवला होता.

त्याच संध्याकाळी मी त्या पोरीच्या घरी गेले आणि तिच्या सासूसमोर सगळं सांगितलं. "मंगळवारपासनं जा मग वर्गाला," सासू तिला म्हणाली. पोरगी मात्र माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "काकू, तुमाला मंगळवारीच ठावं व्हतं ना?"

"व्हय," मी म्हणाले. "चुकलं माझं."

तिनं चहा विचारला नाही आणि तेच बरं केलं. मंगळवारी मात्र ती वर्गात आली, दारातून सरळ माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "चला, गुंडे निवडू."

आम्ही दोघींनी एकेक गुंडा वळून बघत डावं आणि उजवं सूत वेगळं केलं. मावशींनी ताणा पुन्हा लावला, चार बोटं बाकीच्यांचं सूत, चार बोटं माझं. घोंगडी विणून झाली. लोकर एकाच काळ्या रंगाची, पण उन्हात तिरकी धरली की पट्टे दिसायचे, एक चमकदार, एक मंद. संस्थेच्या बाईंनी तिच्यावरून हात फिरवला, माग इथंच राहू द्या म्हणाल्या आणि तसल्याच पट्ट्यांच्या आणखी घोंगड्या मागितल्या. मावशींनी वर्गात विचारलं, "डाव्या हाताची आनखी कोण हाय का?" कुणीच हात वर केला नाही. म्हणजे डावं सूत सगळं माझ्याच गळ्यात.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी घरी ओसरीवर, उघड्यावर, डाव्या हातानं कातायला बसले. सासूबाई पलीकडं लसूण सोलत होत्या. लसूण सोलायला त्या कायम भिंतीकडं तोंड करून बसतात. म्हातारपणाची सवय म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं. आता त्या काय बोलतील याची वाट बघत मी मान खाली घालून कातत होते.

त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत माझ्याजवळ येऊन बसल्या. "लोकर लई हाय. तुझ्या एकटीच्यानं उरकायची न्हाई. दे हिकडं."

मी टकळी त्यांच्या उजव्या हातात दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली.

पहिलं सूत तुटलं, दुसरं तुटलं नाही. मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, तुमी?"

"मग काय तर," टकळीवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "त्या पंगतीत तुझ्या हातातली पळी का काढली मी? माझी सासू बघायच्या आत काढली."

त्या दिवशी लसूण तसाच राहिला. संध्याकाळी नवरा शेतातून आला तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी कातत होतो, आणि भाजी बिनलसणाची झाली.