पदराच्या गाठीतल्या गोळ्या

धानाच्या रोवण्यात कंबर मोडते, हे आरमोरीकडच्या बाईले काई सांगा लागत नाई. तंबाखूचा खर्रा वाटावा तशी आम्ही बाया अंगदुखीची गोळी वाटून खातो. मेडिकलमधून कापून आणलेलं अर्धं पाकीट एकीच्या पदराच्या गाठीत असते. त्या दिवशी गाठ माझ्या पदराले होती.

धाकट्या जावेचं अंग ठणकून राह्यलं होतं. सकाळी एक गोळी देली, जेवणानंतर तिनं परत मागतली, परत देली. ती उदासीच्या गोळ्या चोरून खाते, हे घरात फक्त मले ठाऊक. "सासूबाईले कळलं तर पागल म्हणून माहेरी धाडतील मले," म्हणत तिनं माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायले लावली होती. पण एका गोळीचं दुसरीशी वैर असते, हे मले कोणं सांगतलं होतं?

चार वाजता ती बांधीतच ताठ झाली अन् तोंडावर चिखलात पडली. हातपाय झाडून राह्यली होती. आम्ही ओढून तिले कडेच्या धुऱ्यावर कुशीवर घेतलं. एक बाई चप्पल हुंगवायले धावली. "चप्पल घाल तुह्या डोक्यात! गाडी आण आधी!" मी ओरडली.

दवाखान्यात येईपर्यंत झटका थांबला होता, पण ती खांदा धरून विव्हळत होती. डॉक्टरनं विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

"काहीच नाई जी," मागून धावत आलेल्या सासूबाई बोलल्या.

जाऊ माझ्याकडं पाहून मान हलवत होती. नको सांगू. सिस्टरनं दुखण्याचं इंजेक्शन भरलं, तिचा दंड पुसला. गेली शपथ खड्ड्यात!

"थांबा साहेब! ती उदासीच्या गोळ्या खाते. अन् आज ह्या दोन मी देल्या." गाठ दातानं सोडली, पाकीट पुढं केलं.

डॉक्टरनं पाकीट वाचलं अन् सिस्टरचा हात धरला. "इंजेक्शनातही हेच औषध आहे. हे आणि उदासीचं, दोन्ही औषधं मेंदूवर काम करतात, एकत्र आली की झटक्याचा धोका वाढतो. आता दिलं असतं तर पुन्हा झटका येऊ शकला असता."

"पागलपणाच्या गोळ्या?" सासूबाईनं एवढंच विचारलं. जावेनं भिंतीकडं तोंड केलं.

वर्ष झालं. तिले कोणी माहेरी धाडलं नाई. गोळ्या आता उघड खाते. पण माझ्याशी एक शब्द बोलत नाई. लई लागते जिवाले, रडूही येते. धरू दे अबोला. अबोला धरायले माणूस जिवंत लागते.