पहिली लाल मिरची देवाची

हरिहरकाकांचा सगळा जन्म आधी कोण सुटलं आणि मग कोण, हे लिहिण्यात गेला. एकतीस वर्षं खोपटच्या एसटी डेपोत ते गाड्यांच्या वेळा नोंदवत. निवृत्त होऊन डोंबिवलीच्या घरी बसले तेव्हा नोंदवायला काही उरलं नाही, म्हणून गॅलरीतल्या सहा डब्यांमधल्या ढोबळ्या मिरचीच्या वेळा लिहू लागले. कुठल्या झाडाला फूल कधी, फळ कधी, लाली कधी. शेजारीपाजारी हसायचे. पण त्या डब्यांच्या मागे केदार होता.

केदार त्यांचा एकुलता एक. काकांनी ओळखीपाळखी काढून त्याला घोडबंदर रोडच्या एका ऑफिसात चिकटवलं. सहा महिन्यांत तो नोकरी सोडून आला आणि म्हणाला, वर बर्फाच्या डोंगरांत, स्पितीत एका निवासी शाळेत शिकवायला जातोय. काका कडाडले, "गेलास तर या घरात पुन्हा पाय ठेवू नकोस!" पोरगा बापाचाच. त्याने बॅग उचलली.

दोन वर्षं तो दर रविवारी आईशी बोले, वासंतीकाकूंशी. बापाचं नावही काढत नसे. एका रविवारी सांगत होता की मुलांसाठी शाळेच्या मागे वाफे केलेत, पण तिथला उन्हाळा इवलासा. ढोबळी हिरवीच असते आणि सप्टेंबरात दंव पडून झाड काळं होतं. काकूंनी फोन काकांच्या कानाला लावला.

काकांनी घसा खाकरला. "लवकर पिकणारं बी लागेल."

पलीकडून आवाज आला, "बघा मिळतं का. लाल झाली तर पहिली तुम्हाला आणून देईन. स्वतः."

त्या एका शब्दावर काका चार वर्षं जगले.

जवळच्या मोहने गावातल्या काळुरामकडून त्यांनी गावठी ढोबळीचं बी आणलं. काळुराम पिढीजात शेतकरी. जमिनी गेल्या, आता रोपवाटिका चालवतो. बी देताना म्हणाला, "काका, जी पयली लाल व्हईल, तिचाच बी ठेवा. दरसाल तसाच करा. झाड आपोआप घाई शिकतं."

पहिल्या वर्षी दुसऱ्या डब्यातली मिरची सगळ्यांच्या आधी लाल झाली. नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. काकूंनी घट मांडलेला. त्या गॅलरीत आल्या, मिरची खुडली आणि देवीपुढे ठेवली. "पहिलं फळ देवाचं. आपल्या केदारसाठी मागितलंय मी." दुसऱ्या दिवशी प्रसादाची भाजी झाली. देवाला वाहिलेलं कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून देठ-बिया निर्माल्यात गेल्या. त्या झाडाच्या उरलेल्या मिरच्या उद्यापनाला सवाष्णींच्या जेवणात हिरव्याच संपल्या. पुढे संक्रांतीनंतर पाचव्या डब्यात एक लालभडक, मुठीएवढी मिरची पिकली. काकांनी कौतुकाने तिचं बी धरलं आणि केदारला पाठवलं. एवढ्या देखण्या फळाचं बी वाईट कसं असेल? दर वर्षी हेच झालं. वहीत सगळ्या तारखा होत्या, अक्षर मोत्यासारखं, आणि एकदाही त्यांना दिसलं नाही.

यंदा ऑक्टोबरात केदारचा फोन आला तेव्हा काकू देवळात गेल्या होत्या.

"सप्टेंबरच्या आठ तारखेलाच दंव पडलं," तो म्हणाला. "एकही लाल नाही. एक विचारू? बी कुठल्या झाडाचं धरता?"

"सगळ्यात मोठ्या फळाचं. संक्रांतीनंतर पिकतं बघ."

"आणि पहिलं पिकतं ते?"

"ते देवाला. तुझ्या आईचं ठाऊक आहे ना."

केदार हसला. त्या हसण्यात राग नव्हता, तेच वाईट. "म्हणजे सगळ्यात उशिरा पिकणारं बी निवडून निवडून पाठवलंत. चार वर्षं."

काकांचा हात वहीवर पडला. "पुढच्या वर्षी मी…"

"नको, बाबा. मी आणखी वरच्या गावात चाललोय. तिथे वाफे नाहीत. नका पाठवू काही." मग म्हणाला, "आईला हे बियांचं सांगू नका. आणि मी येणार नाही, हेही सांगू नका."

काका "बरं" म्हणाले. सहा वर्षांनी पोरगा 'बाबा' म्हणाला होता आणि उत्तराला तेवढाच शब्द सुचला.

मार्गशीर्ष लागला. दुसऱ्या गुरुवारी तिसऱ्या डब्यात मिरची लाल झाली. चारी वर्षांत एवढ्या लवकर कधीच पिकली नव्हती. काका तिच्याकडे पाहत उभे होते, तेवढ्यात मागून ओल्या केसांनी काकू आल्या.

"अगंबाई, लाल झाली की! देवीला यंदा घाई दिसतेय. अहो, सरका ना. का असे उभे राहिलात?"

"काही नाही," ते म्हणाले आणि सरकले.

काकूंनी मिरची खुडली, पदराने पुसली आणि आत नेली. आतून नेहमीचं मागणं ऐकू आलं, केदारचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रसादाची भाजी वाढली. काकांनी खाल्ली. बिया निर्माल्यात गेल्या.

"पाचव्या डब्यातली काय छान धरलीय, बघितलीत?" पान उचलताना काकू म्हणाल्या. "तिचं बी ठेवा हं केदारला."

"ठेवतो," काका म्हणाले.

जानेवारीच्या शेवटी त्यांनी ते बी धरलं, सावलीत वाळवलं, पाकिटावर केदारचा जुना पत्ता घातला आणि काकूंना दाखवून पोस्टात जायला निघाले. पाकीट अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.