कलम सातवे : वऱ्हाडाची ने-आण

बदलापूरच्या मांजर्लीहून उल्हासनगरला जायला सायकलवाल्याला तासभर पुरतो. मी कितीतरी वेळा गेलोय. तेवढ्या अंतरासाठी दोन घरांतल्या शहाण्या माणसांनी एक अख्खा रविवार बसून लेखी करार केला. त्या कराराचा कागद माझ्या अक्षरात आहे, आणि त्यात एक माणूस लिहायचा राहून गेला.

मी मूळचा नांदेडकडचा. आठवीत शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, हे अजून ठरलेलं नाही. ऐंशीनंतरच्या वर्षांत अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायला लागलो आणि बुवापाड्यात एका कुटुंबाच्या घरात खाटेपुरती जागा मिळाली. घरच्या बाईंना मी मावशी म्हणायचो, त्यांच्या नवऱ्याला काका. मी ‘येऊलालोय’ म्हटलं की सगळी चाळ हसायची. मावशी तेवढ्या हसायच्या नाहीत. मला कावीळ झाली तेव्हा एकवीस दिवस त्यांनी माझ्यासाठी बिनतेलाचं वेगळं शिजवलं. माझ्या आईला कळवू दिलं नाही. “इतक्या लांब बसून घोर करत बसेल ती,” म्हणाल्या. तेव्हापासून त्या घरात भांडं पडलं तरी मला वाटायचं, माझ्यामुळेच पडलं.

मावशींच्या मुलीचं लग्न मांजर्लीच्या एका मुलाशी ठरलं. मुलगा शांत, नोकरीला. मुलाकडचे याद्या करायला आले. कोणी काय करायचं, काय आणायचं ते कलमवार लिहायचं, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं आणि खाली दोन्हीकडच्या मोठ्यांनी सह्या ठोकायच्या. लिहायला काकांनी मला बसवलं. शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेवढं एकच शिक्षण माझं पूर्ण झालेलं.

मुलाचे मामा सरकारी कचेरीत होते. ते सतरंजीवर बसले तरी टेबलामागं बसल्यासारखे दिसत. “सदर”, “उभयपक्षी”, “यथायोग्य” असं बोलत. पहिली सहा कलमं, उल्हासनगरच्या हॉलसकट, चहा यायच्या आत उरकली. सातवं आलं, वऱ्हाडाच्या वाहतुकीचं, आणि चहा तीनदा झाला.

“बस तुमच्याकडून,” मामा म्हणाले.

“अहो मामासाहेब, मांजर्ली ते उल्हासनगर,” काका म्हणाले. “चार रिक्षा फेऱ्या मारतील.”

“वऱ्हाड रिक्षानं? आमचं वऱ्हाड म्हणजे काय भाजीची पोती आहेत?”

“आणि साधी बस नको,” मुलाची आत्या म्हणाली. “लक्झरी. पडदेवाली.”

“ताई, पडदा सरकवेपर्यंत हॉल येईल.”

“म्हणून काय उघड्यावर जायचं?”

काकांनी हात टेकले. “बस देतो. पडदे देतो. पण ती कोणाकोणाच्या दारात थांबणार ते तुमचं तुम्ही बघा. तिकडची माणसं मला माहीत नाहीत.”

मामांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना बढती मिळाली. “नियोजन आमच्याकडे! लिहा हो. बस वधूपक्षाने द्यावी. मार्ग, थांबे व वेळ वरपक्षाने ठरवावी.”

मी लिहिलं. ‘थांबे’ या शब्दाला वेलांटीबिलांटी नसूनही मी तो घोटून काढला. आणि लिहिता लिहिता डोक्यात आलं, नवरदेव कशातून येणार? बसमधून की वेगळ्या गाडीतून? गाडी असेल तर कोणाची? विचारावं म्हणून मी घसा खाकरला.

“काय रे, पाणी पाहिजे?” काका म्हणाले.

“नको, नको,” मी म्हणालो. मामांच्या ‘उभयपक्षी’पुढं आठवीतल्या माणसानं काय विचारायचं? सह्या झाल्या. हळदकुंकू लागलं. सगळ्यांनी पेढे खाल्ले.

लग्न उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये. मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. हॉलचे मॅनेजर सिंधी, सकाळपासून ते एकच वाक्य म्हणत होते, “साईं, तीन बजे दुसरी पार्टी है. खुर्ची भी उनकी, टाइम भी उनका.”

नऊ वाजता निघायची बस पावणेबारापर्यंत आली नाही. का, ते नंतर कळलं. मामांनी थांब्यांची स्वतंत्र यादी केली होती, टाइप करून. मांजर्लीत बस गल्लीत शिरेना म्हणून पाऊण तास. मग रेल्वेचं फाटक ओलांडून शिरगावला आत्याकडे, तिथं पोहे. मग अंबरनाथला मामांचे एक साहेब, ज्यांचा या लग्नाशी संबंध एवढाच की मामांची फाइल त्यांच्याकडे होती. पुढं तर बुवापाड्याच्या नाक्यावर बस थांबवून मामांनी आमच्याच शेजारणीला विचारलं, “मुलीकडचे निघाले ना वेळेवर? त्यांना वेळेचं काही नसतं.”

अखेर पडदेवाली बस दारात लागली. बँड सुरू झाला. मावशी ओवाळायचं ताट घेऊन पुढं झाल्या. व्हिडिओवाला उलटा चालत उतरला. मामा फेट्यात उतरले. आत्या उतरली. साहेब उतरले. एकेक करून सगळं वऱ्हाड उतरलं, शेवटी ड्रायव्हर उतरला आणि बिडी पेटवून बसला. ताटातलं निरांजन तसंच.

“नवरदेव?” मावशींनी विचारलं.

“तेच आम्ही विचारतोय,” मामा म्हणाले. “कुठाय नवरदेव?”

“अहो, तुमच्या बसमध्ये असणार ना!”

“नवरदेव बसमधून? सगळ्यांसारखा? बाशिंग बांधून खिडकीत? त्याला फुलांची गाडी तुमच्याकडून जायची होती!”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? समजायला पाहिजे!”

बँडवाल्यांना कोणी थांबा म्हणालं नव्हतं, त्यामुळे हे सगळं भांडण त्यांच्या चालीवर चाललं. मांजर्लीत कोणाकडे फोन नव्हता. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा काविळीतल्या माझ्यासारखा झाला होता.

“मी घेऊन येतो,” मी म्हणालो.

मॅनेजर एवढंच म्हणाले, “खुर्ची का टेम्पो खडा है. ले जाओ. दूल्हा नहीं तो शादी किसकी?”

मांजर्लीत नवरदेव दाराच्या पायरीवर एकटाच बसला होता. बाशिंग गुडघ्यावर. शेजारणीनं त्याला तीनदा चहा दिला होता. त्यानं टेम्पोच्या मागं वाकून बघितलं.

“गाडी मागून येतेय का?”

“हीच.”

“ह्यात खुर्च्या आहेत.”

“बसायला बऱ्या पडतील.”

तो हसला. त्या दिवशी हसलेला पहिला माणूस. पुढं जागा असूनही तो मागं चढला, पुढं बाशिंग मावेना म्हणून. फाटक नेमकं बंद होतं. मालगाडी डबा डबा मोजायला लावत गेली. मी पुढं बसून देवाला सांगत होतो की मी त्या दिवशी पाणी नको म्हणालो ते खोटं होतं, मला वेगळंच विचारायचं होतं.

पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. मुहूर्त टळलेला. वऱ्हाड हॉलच्या एका बाजूला, आमची माणसं दुसऱ्या बाजूला, मधे रिकामी सतरंजी. टेम्पोतून उतरणारा भाचा बघून मामा पेटलेच.

“खुर्च्यांबरोबर आणला! आता ह्याच टेम्पोतून परत नेतो त्याला! बस झालं हे लग्न!”

आतल्या खोलीच्या दारात मुलगी मुंडावळ्या बांधून उभी होती. तिनं ते ऐकलं. मावशींनी तिचा हात धरला.

“कागद आणा,” मामा म्हणाले. “याद्यांचा कागद आणा. चूक कोणाची ते ठरूदे.”

काकांनी खिशातून कागद काढला आणि माझ्याकडे दिला. मी सातवं कलम मोठ्यानं वाचलं. बस होती, मार्ग होता, थांबे होते, वेळ होती. मी कागद उलटा करूनही बघितला.

“मार्ग तुमचा होता,” काका म्हणाले.

“गाड्या तुमच्या होत्या,” मामा म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार, हे मला दिसलं.

“माझी चूक आहे,” मी म्हणालो. “नवरदेवाच्या गाडीचं त्या दिवशी बोलणं झालं होतं. मी लिहायचं विसरलो.”

“झालं होतं ना?” मामा लगेच म्हणाले. “मी बोललोच होतो!”

“मीही बोललो होतो,” काका म्हणाले.

“कोणी आणायची ठरली होती गाडी?” साहेबांनी विचारलं. कामाचा प्रश्न एकट्या साहेबांना सुचला.

“तेच नेमकं आठवत नाही,” मी म्हणालो.

“आठवी नापासाला लिहायला बसवलं की हेच व्हायचं!” आत्या म्हणाली, आणि सबंध हॉलनं मान डोलावली. दोन्ही पक्षांचं, सह्या न करता, हळदकुंकू न लावता, एकमत झालेलं ते पहिलं आणि शेवटचं कलम. मामा खाली बसले. कोणीतरी त्यांना सरबत दिलं. भटजींनी पंचांग उघडून दोन वाजून पाच मिनिटांचा मुहूर्त इतक्या चटकन काढला की तो आधीच काढून ठेवला असावा. अक्षता पडल्या.

जेवणं घाईत उरकली. तीन वाजत आले होते. मी पान घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो होतो. चारचौघं मला दाखवून काहीतरी बोलत होते, हसत होते. मावशी जिलब्यांचं ताट घेऊन आल्या आणि वाढता वाढता खाली वाकल्या.

“याद्यांच्या दिवशी गाडीचं कोणीही काही बोललं नव्हतं. मी दारामागं उभी होते.”

मी पानातली जिलबी मोडत राहिलो.

“तू घसा खाकरलास, तेवढं ऐकलं मी,” त्या म्हणाल्या. “विचारायचं होतंस ना रे.” आणि पानात आणखी दोन जिलब्या ठेवल्या. चूक अंगावर घेऊन काविळीचे उपकार आज थोडे हलके झाले असं मला वाटत होतं; तेही राहिलं नाही.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझी खुर्ची धरली. टेम्पोवाला होता. “उठा भाऊ, दुसऱ्या पार्टीला लावायच्यात.”

मी जिलबी हातात घेऊन उठलो.